जिवंत पेशीला विचारायचा प्रश्न

(चंद्रपूर येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लिखित पाठ)

मूल, ब्रह्मपुरी, आरमोरी, अहेरी इथून एसटीने आलेल्या माझ्या लॅब टेक्निशियन मित्रमैत्रिणींनो,

ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांनी मला नववीत पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला शिकवले. काचपट्टीवर तळ्याच्या पाण्याचा थेंब होता. त्यात एक इवलासा जीव दुसऱ्याला वेढून गिळत होता. मी मान वर करून काहीतरी विचारू लागलो, तेव्हा सर म्हणाले, "आधी बघून घे. पाणी आटलं की काही दिसणार नाही." पुढे आयुष्यभर रक्ताच्या थेंबाकडे बघण्याचाच व्यवसाय केला, आणि त्या एका वाक्याची खोली मला फार उशिरा कळली. आज मी बोलणार आहे ते त्याच वाक्याविषयी.

विषय असा आहे. आपल्या रक्तातल्या रोगप्रतिकारक पेशी आपले काम करतात की नाही, हे तपासण्याच्या नव्या पद्धती कोणत्या, त्या शोधायच्या कशा, आणि भामरागड, एटापल्ली, कोरची, जिवती इथल्या माणसापर्यंत त्या पोहोचवायच्या कशा. विषय मोठ्या शहरांतल्या मोठ्या संस्थांचा वाटेल. मला मात्र तो चंद्रपूर आणि गडचिरोली या आपल्या दोन जिल्ह्यांचा वाटतो, आणि तो तसा का वाटतो हे सांगण्यासाठीच मी उभा आहे.

रक्त तपासायला दिले की सीबीसीचा कागद मिळतो. पांढऱ्या पेशी किती, त्यांत न्यूट्रोफिल किती टक्के, लिम्फोसाइट किती टक्के. ही शिरगणती झाली. पण गावात माणसे किती, यावरून गावात रोवणीला हात किती मिळतील हे कळत नाही. घरात पाच माणसे असतील आणि पाचही तापाने अंथरुणाला खिळलेली असतील, तर बांधी कोरडीच राहणार. पेशींचेही तसेच. एखाद्या बालकाचा आकडा अगदी भरपूर असतो आणि तरी साधा फोड त्याच्या जिवावर उठतो. कारण पेशी आहेत, धावत जातात, जंतूला गिळतातही, पण गिळलेल्या जंतूला मारू शकत नाहीत. आकडा याबद्दल काही बोलत नाही. त्यासाठी पेशीला काम सांगावे लागते आणि ती काय करते ते बघत बसावे लागते.

पेशी जंतू गिळते हे जगाला सांगणारा माणूस म्हणजे इल्या मेचनिकॉफ. १८८२ साली सिसिलीतल्या मेसिना गावी त्याने तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा टोचला आणि दुसऱ्या दिवशी त्या काट्याभोवती जमलेल्या फिरत्या पेशी पाहिल्या. १९०८ साली त्याला नोबेल मिळाले. याच मेचनिकॉफचा ओडेसातला विद्यार्थी वाल्डेमार हाफकिन. हाफकिनने मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन इन्स्टिट्यूट त्याचेच नाव सांगते. म्हणजे हे शास्त्र आपल्या राज्यात गेली सव्वाशे वर्षे नांदते आहे.

पण चंद्रपूर जिल्ह्याचा या प्रश्नाशी संबंध परळहूनही जवळचा आहे, आणि तो वरोऱ्यातून जातो.

कुष्ठरोग हा प्रतिकारशक्तीचा सर्वांत मोठा शिक्षक आहे. जंतू एकच; हॅन्सनने तो १८७३ साली नॉर्वेत दाखवला. पण तो ज्या माणसात शिरतो त्याच्या पेशी कशा वागतात, त्यावर रोगाचे रूप ठरते. एकाच्या अंगावर एखाददुसरा बधिर चट्टा उठतो आणि त्यात शोधूनही जंतू सापडत नाही, कारण लिम्फोसाइटचाच एक प्रकार असलेल्या टी पेशींनी त्याला जागेवरच कोंडलेले असते. दुसऱ्याच्या कातडीत जंतूंचे थवेच्या थवे असतात आणि त्याच्या टी पेशी या एका जंतूपुरत्या गप्प बसलेल्या असतात. रिडले आणि जॉपलिंग यांनी १९६६ साली कुष्ठरोगाची जी श्रेणी लावली, तिचा पाया हाच होता: एका टोकाला जागी पेशी, दुसऱ्या टोकाला गप्प पेशी, आणि मधे सगळ्या छटा.

ही जाग तपासण्याची पद्धत त्याच्या कितीतरी आधी सापडली होती. जपानच्या मित्सुदांनी १९१९ साली मेलेल्या कुष्ठजंतूंचा अर्क कातडीत टोचला आणि तीन-चार आठवड्यांनी तिथे गाठ येते का ते पाहिले. हीच लेप्रोमिन चाचणी. गाठ आली म्हणजे रोग झाला, असा तिचा अर्थ नव्हता. निरोगी माणसांतही ती पुष्कळदा येते. तिचा अर्थ एवढाच, की या माणसाच्या पेशी या जंतूला ओळखून उत्तर देऊ शकतात. या चाचणीला ना यंत्र लागत होते, ना वीज. माणसाची कातडी हीच प्रयोगशाळा होती. कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये डॉ. धर्मेंद्र यांनी हा अर्क अधिक शुद्ध केला. तो त्यांच्या नावाने ओळखला जातो.

त्याच कलकत्त्याच्या संस्थेत बाबा आमटे कुष्ठरोगाचे शिक्षण घ्यायला गेले. कुष्ठजंतू प्रयोगशाळेतल्या कृत्रिम माध्यमात वाढत नाही. आजही वाढत नाही. संशोधनाला जिवंत शरीर हवे होते. बाबांनी आपले शरीर पुढे केले आणि कुष्ठजंतू टोचून घेतले. ते रुजले नाहीत. आपण ही गोष्ट बाबांच्या धैर्याची म्हणून सांगतो आणि ती तशी आहेच. मी रक्त तपासणारा माणूस, मला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. बाबांच्या टी पेशींनी तिथे एक उत्तर दिले होते. बहुसंख्य माणसांच्या पेशी हेच उत्तर देतात, म्हणूनच हा रोग वाटतो तितका सहज लागत नाही. १९५१ साली वरोऱ्याजवळच्या माळावर आनंदवन सुरू झाले, तेव्हा समाज ज्यांना हात लावायला घाबरत होता त्यांच्यात आमटे कुटुंब राहायला गेले. पेशीचे शास्त्र आणि माणुसकीचे वागणे तिथे एकाच दिशेने बोलत होते.

आता लेप्रोमिन चाचणी रोजच्या वापरात नाही. चट्ट्यांची मोजदाद, मज्जातंतू चाचपणे आणि कातडीचा स्मिअर यांवर निदान होते, बहुविध औषधोपचाराने रोग बरा होतो. पण तिने शिकवलेले तत्त्व जुने झालेले नाही. पेशीची परीक्षा घ्यायची तर तिला आव्हान द्यावे लागते. पुढच्या सगळ्या पद्धती या एका तत्त्वाच्या आवृत्त्या आहेत.

त्या पद्धती थोडक्यात पाहू. १९६० साली अमेरिकेत पीटर नॉवेल यांना दिसले, की राजम्याच्या दाण्यातून काढलेले एक प्रथिन नळीतल्या लिम्फोसाइटवर घातले की त्या पेशी जाग्या होऊन विभागू लागतात. त्या प्रथिनाचे नाव फायटोहिमॅग्लुटिनिन. मग किती पेशी विभागल्या हे मोजण्यासाठी किरणोत्सारी थायमिडीन वापरू लागले. आज त्याऐवजी पेशीला एक चमकणारा रंग भरतात. पेशी दुभंगली की रंग अर्धा होतो, पुन्हा दुभंगली की पाव. फ्लो सायटोमीटर नावाच्या यंत्रात पेशी एकामागून एक लेझरसमोरून जातात आणि प्रत्येकीचा उजेड मोजला जातो. कोणती पेशी किती पिढ्या पुढे गेली, हे एका चित्रात कळते, आणि किरणोत्सारी कचराही राहत नाही.

मारेकरी पेशींचेही तसेच. पूर्वी लक्ष्य पेशीत किरणोत्सारी क्रोमियम भरून ती फुटली की किती बाहेर आले ते मोजत. आता मारेकरी पेशीने आपल्या थैल्या रिकाम्या केल्या की तिच्या पृष्ठभागावर एक खूण उमटते, ती खूण यंत्र वाचते.

आणि न्यूट्रोफिलसाठी एनबीटी. हा पिवळा रंग आहे. निरोगी न्यूट्रोफिलला उद्दीपित केले की तो आत निळा-काळा होऊन बसतो. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो. ज्या बालकाच्या पेशी जंतू गिळतात पण मारू शकत नाहीत, त्याच्या पेशी पिवळ्याच राहतात. १९६८ सालापासून ही चाचणी ठाऊक आहे. तिची नवी बहीण डीएचआर. तिथे रंग चमकतो की नाही हे सायटोमीटर हजारो पेशींवर काही मिनिटांत मोजतो. पेशी जंतू मारू न शकण्याच्या या रोगाचा एक प्रकार आईकडून मुलाकडे येतो. अशा आईच्या रक्तात डीएचआर दोन वेगळे डोंगर दाखवते, एक चमकणाऱ्या पेशींचा आणि एक अंधाऱ्या पेशींचा. मुलाच्या आजाराचे मूळ एका चित्रात उघडे होते आणि पुढच्या गरोदरपणात त्या घराला सल्ला देता येतो.

महाराष्ट्रात या कामाचे मोठे ठिकाण म्हणजे परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातली राष्ट्रीय रोगप्रतिकार-रक्तशास्त्र संस्था, म्हणजे एनआयआयएच. १९५७ साली ती रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून सुरू झाली. त्याच्या पाच वर्षे आधी, १९५२ साली, डॉ. भेंडे, डॉ. देशपांडे, डॉ. भाटिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'बॉम्बे' रक्तगट जगापुढे मांडला होता. जन्मजात प्रतिकारदोष असलेल्या बालकांच्या पेशींची कार्यक्षमता तपासणे हे आज त्या संस्थेचे एक महत्त्वाचे काम आहे. आणि आपल्या गावासाठी आनंदाची गोष्ट ही, की याच संस्थेचे हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक विकारांचे संशोधन, उपचार आणि नियंत्रण करणारे केंद्र चंद्रपुरात उभे राहिले आणि ११ डिसेंबर २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते राष्ट्राला अर्पण झाले.

म्हणजे पद्धती आहेत आणि त्या चालवणारी माणसेही आहेत. मग अडते कुठे? अडते ते पाणी आटण्यापाशी.

एक अनुभव सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी दोन वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे आला. डाव्या काखेत बीसीजीनंतर उठलेली आणि पिकलेली गाठ, मानेवर फोड, यकृतात पू. सीबीसीत न्यूट्रोफिल भरपूर. मला शंका आली. मी रक्त घेतले, नेहमीच्या जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत भरले, काळजीपूर्वक बर्फाच्या पिशव्यांत ठेवले आणि नागपूरहून रात्रीच्या गाडीने मुंबईला पाठवले. तिसऱ्या दिवशी उत्तर आले: पेशी तपासण्याजोग्या नाहीत, पुन्हा पाठवा. चूक पूर्णपणे माझी होती. ईडीटीए कॅल्शियम बांधून ठेवते आणि पेशीला काम करायला कॅल्शियम लागते. कार्याच्या चाचणीसाठी हिरव्या झाकणाची हेपारिन नळी हवी. बर्फाने लस टिकते, न्यूट्रोफिल टिकत नाही. त्याला आपल्या खोलीची साधी ऊब हवी. आणि न्यूट्रोफिलचे आयुष्यच मुळात तासांचे.

दुसऱ्या वेळी रक्त हेपारिनमध्ये घेतले, बर्फ लावला नाही, माणूस सोबत धाडला, आणि त्याच डब्यात माझ्या स्वतःच्या रक्ताचीही एक नळी ठेवली. या दुसऱ्या नळीचे महत्त्व मला तेव्हा समजावून सांगण्यात आले. मुलाच्या पेशी चमकल्या नाहीत आणि माझ्या चमकल्या, तर दोष मुलाच्या पेशींत. दोघांच्याही चमकल्या नाहीत, तर दोष प्रवासात. निदान झाले, जंतू आणि बुरशी यांच्याविरुद्धची रोजची औषधे सुरू झाली. पण त्या घरच्या लोकांना दुसऱ्यांदा सुई टोचून घेण्यासाठी मजुरी बुडवून यावे लागले, ही गोष्ट मी विसरलेलो नाही.

आता हाच प्रवास भामरागडहून करून बघा. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर येतो, पूल पाण्याखाली जातो आणि तालुका तुटतो. उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे गेलेला असतो आणि गाडीतला डबा त्याहून तापतो. पुस्तकात 'खोलीचे तापमान' असे छापलेले असते. ती खोली मे महिन्यातल्या सिरोंच्याची नसते. मुंबईच्या यंत्राची किंमत कितीही असो, त्याच्यासमोर मेलेली पेशी आली तर ते यंत्र आंधळेच.

म्हणून मी माझा मुद्दा एका वाक्यात मांडतो. अद्ययावत पद्धत म्हणजे सर्वांत नवे यंत्र नव्हे. पेशी जिवंत असतानाच तिला प्रश्न विचारणारी पद्धत ती अद्ययावत. प्रश्न रुग्णाच्या जवळ विचारावा, उत्तर हवे तितक्या दूर पाठवावे.

हे स्वप्नरंजन नाही. क्षयरोगाच्या बाबतीत हे आज घडते आहे. इग्रा चाचणीत रक्त थेट खास नळ्यांत घेतात. एका नळीत काहीच नसते. काहींत क्षयजंतूच्या प्रथिनांचे तुकडे असतात. एका नळीत तेच आपले राजम्यातले प्रथिन असते, कुठल्याही जिवंत टी पेशीला जागे करणारे. रक्त घेतल्यापासून १६ तासांच्या आत या नळ्या ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवायच्या, एक रात्र राहू द्यायच्या. क्षयजंतू ओळखणाऱ्या पेशी इंटरफेरॉन-गॅमा सोडतात. मग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वरचा द्रव वेगळा करायचा. इथे जिवंत पेशीचे काम संपले. द्रवातले इंटरफेरॉन टिकाऊ असते. साध्या फ्रिजमध्ये तो द्रव चार आठवडे राहतो. आता पूर ओसरू द्या, एसटी सुरू होऊ द्या, मग पाठवा. प्रश्न ग्रामीण रुग्णालयात विचारून झालेला आहे. लागले काय? एक इन्क्युबेटर, एक सेंट्रिफ्यूज, एक फ्रिज, रात्रभराची खात्रीची वीज, आणि वेळेची शिस्त पाळणारा टेक्निशियन.

त्याहून सोपी वाट कातडीची. जुन्या मँटू चाचणीत एक खोट होती: बीसीजी घेतलेल्या माणसातही ती उठायची. इग्रात वापरली जाणारी दोन प्रथिने बीसीजीच्या जंतूत नसतात. तीच प्रथिने कातडीत टोचायची चाचणी, सीवाय-टीबी, पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट बनवते. २०२२ साली तिला भारतात मान्यता मिळाली. टोचा, ४८ ते ७२ तासांनी हातावरची गाठ पट्टीने मोजा. मित्सुदांच्या काळची कातडी आणि आजच्या जनुकशास्त्राने निवडलेली प्रथिने, यांची ही जोड आहे. आपल्या आशाताई जिथे जातात, तिथवर ही चाचणी जाऊ शकते.

पण एक सावधगिरी. कातडी उत्तर देते ते पेशी धडधाकट असतील तरच. एचआयव्ही असलेल्या माणसात, आणि फार कुपोषित मुलात, क्षय असूनही हात सपाट राहू शकतो. उपासमारीत छातीतली थायमस ग्रंथी आक्रसते आणि टी पेशी थकतात. आपल्या जिल्ह्यांत सपाट हाताचा अर्थ लावताना मुलाचा दंडघेर मोजलेला असला पाहिजे. 'निगेटिव्ह' हा शब्द कागदावर लिहिण्यापूर्वी, पेशी बोलण्याच्या स्थितीत होती का, हे विचारा. इग्रातली राजम्याची नळी हाच प्रश्न विचारते. ती नळीही गप्प राहिली तर निकाल 'निगेटिव्ह' नसतो, 'अनिर्णित' असतो. या दोन शब्दांतले अंतर म्हणजे कधी कधी एक जीव असतो.

आता सिकलसेल. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत हा शब्द ठाऊक नसलेले गाव विरळा. सोल्युबिलिटी, मग इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, मग कार्ड. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने या कामाला बळ दिले आहे. पण सिकलसेलच्या मुलाला सर्वांत मोठा धोका तांबड्या पेशींच्या आकारापुरता नसतो. त्याची प्लीहा, म्हणजे पांथरी, काम सोडत जाते. पांथरी ही रक्ताची गाळणी. तिथल्या भक्षक पेशी न्यूमोकोकससारखे जंतू रक्तातून उचलतात. गाळणी बंद पडली की असा ताप काही तासांत मूल नेऊ शकतो. मध्य भारतातल्या आपल्या मुलांत पांथरी पुष्कळदा मोठी होऊन हाताला लागते, म्हणून ती काम करते असा समज होतो. हाताला लागणारी पांथरी कामात असेलच असे नाही.

मग ती काम करते की नाही, हे कसे कळणार? उत्तर शंभर वर्षांपूर्वीच्या काचपट्टीवर आहे. चांगली पांथरी तांबड्या पेशीत उरलेला केंद्रकाचा कण काढून टाकते. ती बंद पडली की तो कण राहतो. स्मिअरवर तांबड्या पेशीत एक गोल गडद ठिपका दिसतो. त्याला हॉवेल-जॉली बॉडी म्हणतात. यासाठी फ्लो सायटोमीटर नको. नीट पसरलेला स्मिअर, ताजा रंग, आणि आणखी पाच मिनिटे बघण्याची सवय, एवढे पुरे. ठिपका दिसला नाही म्हणून निर्धास्त होऊ नये. पण दिसला तर तो रिपोर्टात लिहा. त्या एका ओळीवरून डॉक्टर पेनिसिलिन, न्यूमोकोकसची लस आणि तापाबाबतची ताकीद यांचा पाठपुरावा करतील. मित्रहो, रोगप्रतिकारक पेशीच्या कार्याची ही तपासणी तुमच्या टेबलावर आज, या क्षणी उपलब्ध आहे.

असेच दुसरे निदान साध्या सीबीसीत लपलेले असते. तान्ह्या बाळात लिम्फोसाइट मोठ्या माणसाहून पुष्कळ जास्त असतात. बाळाच्या कागदावर मोठ्यांची मर्यादा छापली तर दोन हजारांचा आकडा 'नॉर्मल' ठरतो. तान्ह्यात तो तीन हजारांच्या खाली असेल तर थांबा, पुन्हा मोजा, विचारा. टी पेशीच नसलेल्या बाळांचे पहिले चिन्ह हेच असते, आणि अशा बाळाला बीसीजीसारखी जिवंत लसही घातक ठरू शकते.

आणि जे तपासायला जिवंत पेशी लागत नाही, ते खुशाल दूर पाठवा. टी पेशी घडताना डीएनएची एक छोटी कडी मागे उरते. टाचेतून कागदावर घेतलेल्या वाळलेल्या थेंबात ती मोजता येते. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याने २००८ पासून सगळ्या नवजात बाळांची अशी तपासणी सुरू केली. वाळलेला थेंब टपालाने जातो. नवजात बाळाचे सिकलसेल तपासायलाही तसाच थेंब चालतो. एका टाचेच्या एका टोचणीत दोन प्रश्न विचारण्याची ही संधी आहे, आणि ती प्रत्यक्षात आणायची तर सुरुवात आपल्या जिल्ह्यांतून व्हावी, असे मला मनापासून वाटते.

पद्धत माणसाच्या दारी नेण्याचे धडे आपल्याला बाहेरून आणायची गरज नाही. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीत बाळाचा न्यूमोनिया ओळखण्यासाठी श्वास मोजायचे एक साधन केले: मणी आणि वाळूचे घड्याळ. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईलाही बाळाचा श्वास नेहमीपेक्षा जलद आहे हे त्यावरून कळू लागले. हेमलकशाला १९७३ पासून डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी वीज नसलेल्या जंगलात दवाखाना चालवला. या कामांत साधेपणा होता, ढिलाई नव्हती. साधे साधन वापरताना मोजमापाची शिस्त उलट अधिक कडक लागते.

तरुण टेक्निशियन मला विचारतात, "सर, नवी पद्धत शोधायची कशी? पुस्तक जुनं आहे, कंपनीचा माणूस म्हणतो आमचंच किट सर्वांत नवं." मी त्यांना पाच प्रश्न देतो. ही पद्धत पेशी मोजते की पेशीचे काम मोजते? तिला जिवंत पेशी लागते का, आणि लागत असेल तर किती तासांची? नळी कोणती, तापमान कोणते? सोबत निरोगी माणसाचा नमुना आणि राजम्यासारखे हुकमी उद्दीपक आहे का? आणि 'नॉर्मल' म्हणून छापलेले आकडे कोणत्या वयाच्या, कोणत्या देशातल्या माणसांवरून काढले? या पाचांची उत्तरे ज्या कागदात नाहीत, तो कागद कालच छापलेला असला तरी जुना समजा. उत्तरे मिळत नसतील तर संदर्भ प्रयोगशाळेला नमुना पाठवण्याआधी फोन करा. मी तो फोन केला असता, तर त्या मुलाची एक सुई वाचली असती.

शेवटी माझे मागणे. चंद्रपुरात २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, गडचिरोलीतही आता ते सुरू झाले आहे, आणि एनआयआयएचचे केंद्र याच शहरात आहे. या तिघांनी मिळून एवढे करावे: प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात एक इन्क्युबेटर, एक सेंट्रिफ्यूज, इन्व्हर्टरची वीज आणि एक प्रशिक्षित टेक्निशियन असलेला कोपरा. तिथे पेशीला प्रश्न विचारला जाईल. उत्तर चंद्रपूर, नागपूर किंवा परळ वाचेल. रुग्णाच्या नळीशेजारी निरोगी माणसाची नळी सक्तीची असावी. प्रत्येक सिकलसेल मुलाच्या स्मिअरवर हॉवेल-जॉली बॉडी शोधली गेली की नाही, याचा रकाना रिपोर्टात छापलेला असावा. हा रकाना छापायला मंत्रालयाची परवानगी लागत नाही. उद्या सकाळी पहिला स्मिअर तुमच्या हाती येईल, तेव्हा तो रकाना तुम्ही स्वतः पेनाने आखू शकता. तेवढे कराच, ही माझी हात जोडून विनंती आहे.